वाटीएवढं पोट

ओकारीतून संत्र्याची एक फोड निघाली. आख्खी. सोलून ताटलीत ठेवावी तशी. ती मी तीन दिवसांपूर्वी गिळली होती.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका डॉक्टरच्या ओट्यावर मी आडवी पडले होते. माझ्या तोंडाखाली सासूनं जर्मनचा गंज, ॲल्युमिनियमचं पातेलं, धरला होता. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. तीन दिवस खालून वारासुद्धा सरला नव्हता आणि वरून हिरवं, कडू पाणी येत होतं. सासू गंजात वाकून बघत राहिली.

"हे काय वं? चावलं नाई तू?"

बोलण्याएवढा दम नव्हता, आणि सांगायचं धाडसही नव्हतं.

डॉक्टरनं लुगडं सरकवून पोटावरचा वण पाहिला. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत तो होता, दोन वर्षं जुना. "हे ऑपरेशन कुठं झालं?" त्यानं विचारलं. माझे मालक म्हणाले, "अमरावतीले."

"मग तिथंच न्या. आतडं अडकलं आहे. दुपारची गाडी मिळेल. उद्यावर टाकलं तर नेऊ नका, घरीच ठेवा."

घरीच ठेवा म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं. मालक टांगा बघायला धावले. सासूनं गंज नालीत रिकामा केला, विसळला आणि परत माझ्या तोंडाखाली धरला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. तीन वर्षांची मुलगी घरी नणंदेजवळ होती. मी मेले असते तर पुढच्या वैशाखात मालकांचं दुसरं लग्न लागलं असतं. मी हे रागानं लिहीत नाही. आमच्याकडे तसंच होत असे.

संत्री मी का गिळली ते आता सांगते.

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. माहेर मोर्शीकडचं, सासर अकोल्यापासून बैलबंडीनं तीन तासांवर. सासरी काळी जमीन होती, घरात ज्वारी होती, खायला कमी नव्हतं. सासरे, सासू, मालक, एक नणंद आणि मी. कमी नव्हतं ते अन्न, पण ते कोणी केव्हा खायचं याची रीत होती. आधी घरातले पुरुष. ते वावरातून येतील तेव्हा. मग पाहुणा असला तर तो, खरं तर तोच सगळ्यात आधी. मग पोरं. मग सासू. सगळ्यांची ताटं उचलून झाली की सून. मी पहाटे जात्यावर बसायची आणि माझ्या तोंडात पहिला घास पडायला दुपारचे दोन-तीन वाजायचे. भाजी उरली तर भाजी, नाही तर भाकर, मिरचीचा ठेचा आणि वरून कच्चं तेल. दिवसभराची भूक एकाच वेळी भागवायची, म्हणून भराभर खायची.

तिसऱ्या वर्षी पोटात आग सुरू झाली. पहिल्यांदा उपाशीपोटी, मग जेवल्यावरही. सासू ओरडली नाही. तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली, चिमूटभर खायचा सोडा माझ्या तळहातावर ठेवला. "पान्यासंगं घे. ढेकर येते अन् उतरते." तिच्या पदराला सोड्याची पुडी कायम बांधलेली असे. ती कशासाठी असे, हे मी तेव्हा विचारलं नाही.

चार वर्षं सोड्यावर काढली. मुलगी झाली. मग पोटात काही ठरेनासं झालं. खाल्लेलं संध्याकाळी तसंच बाहेर पडे. अंगावरचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एक दिवस काळं ओकले, तेव्हा माझा मोठा भाऊ आला आणि कोणाला न विचारता मला अमरावतीला घेऊन गेला. तिथं डॉक्टरनं पोट कापलं. आतल्या पिशवीचे तीन भाग केले तर त्यातले दोन काढून टाकले, असं त्यानंच सांगितलं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर धामणगावची एक बाई होती. कापसाच्या जिनात सरकी निवडायची. तिचंही पोट माझ्यासारखंच कापलं होतं, माझ्याआधी आठ दिवस. त्यांच्या लोकांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. तिचा नवरा रोज भाताची मऊ पेज करून आणी, खाटेजवळ उकिडवा बसे आणि तिचे घास मोजे.

"बावीस, तेवीस, चोवीस. गिळू नको."

"पेजीले काय चावू रे बावा? दाताले काई लागते का?"

"डॉक्टरनं सांगतलं ना तीस. चाव."

अख्खा वॉर्ड हसायचा. तो हसत नसे. एकदा तिनं माझ्यापुढे पेजेची वाटी केली. म्हणाली, "घे बाई, तुह्यावालं कोनी आलं नाई आज." मी नको म्हटलं. भूक नाही म्हणून नाही. तिच्या हातची म्हणून. तिला ते समजलं. वाटी मागे घेतली आणि म्हणाली, "पोट कापतानी डॉक्टरनं जात नाई काढली वाटते तुही." मला राग आला होता. आज लाज वाटते, पण तेव्हा राग आला होता, ते खरं आहे.

सुट्टी देताना डॉक्टरनं आम्हा दोघींना एकत्र बसवलं आणि पथ्य सांगितलं. तो नागपूरचा होता, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. "बाई, तुमचं पोट आता वाटीएवढं आहे. वाटीत गंजभर ओतलं तर काय होईल? म्हणून थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. भूक मारायची नाही. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासानं. गूळ, साखर, काकवी नाही. मिरची नाही. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. खाल्ल्यावर थोडं आडवं व्हायचं. उपास करायचा नाही. आणि तुमच्या भागातलं संत्रं, त्याचा फक्त रस प्यायचा. फोड चोखायची आणि चोथा थुंकायचा. चोथा तुमच्या पोटात विरघळणार नाही. त्याचा गोळा होतो."

मी चौथी पास. घरी आल्यावर धान्याच्या मातीच्या कोठीवर चुन्याच्या खड्यानं आठही गोष्टी लिहून काढल्या. सासूला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं वं हे?"

"पथ्य."

"वाच."

मी वाचलं. ती सहा वेळांवर थांबली. "साहा बार? बैलालेबी आमी तीन बार वैरन टाकतो." मग सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अमरावतीवून सून नाई आनली, पाहुनी आनली."

मालकांना मी विचारलं काय करू. ते म्हणाले, "मायचंबी आयक, डॉक्टरचंबी आयक." असं बोलून ते वावरात गेले. त्यांच्यापुरता प्रश्न संपला.

पहिले काही महिने भाऊ येऊन जाऊन होता, म्हणून मला वेळेवर खायला मिळालं. मी सकाळी आठला मऊ भात घेऊन बसायची आणि मोजून चावायची. ओट्यावरून जाणाऱ्या बायका आत डोकावायच्या. "सकायीसकायी पंगत बसली वाटते सूनबाईची!" सासूची मान खाली जायची. तिनं मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवायचं म्हणून ठेवलं नाही. तिला बायकांसमोर मान खाली घालावी लागत होती, एवढंच. पण तेवढं पुरे असतं.

एकदा माझा चोखून थुंकलेला चोथा तिला राखेत दिसला. माहेरची चार संत्री होती. सासू राखेजवळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खाते अन् थुकते. अन्नाच्या तोंडावर थुकते. हे नाई चालनार माह्या घरात." तेव्हापासून मी संत्र्याला हात लावला नाही.

नवरात्रात आणखी एक झालं. अष्टमीला घरात पुरण होतं. नैवेद्य झाल्यावर सासूनं पुरणाचा गोळा माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, गूळ चालत नाही. चार बायका समोर बसलेल्या. "परसादाले नाई म्हनते?" मी खाल्लं. पावघटकाही झाली नसेल, अंगाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढं पांढरं झालं. डॉक्टरनं हे होईल म्हणून सांगितलं होतं, गोड एकदम खाली उतरलं की असं होतं म्हणाला होता. पण बायकांना डॉक्टर माहीत नव्हता. त्यांना देवी माहीत होती.

"आली वं माय, आली! कुकू आना!"

माझ्या कपाळावर मूठभर कुंकू भरलं, केस सोडले, समोर नारळ ठेवला. एक म्हातारी हात जोडून विचारू लागली, "आई, माही म्हैस कवा गाभन राहीन?"

मी म्हटलं, "मले आडवं होऊ द्या."

"पाहा! म्हैस आडवी होईन म्हनते!" म्हातारी रडायलाच लागली.

हे मी हसून सांगते, लोकही हसतात. पण त्याचा परिणाम वाईट झाला. जिच्या अंगात देवी येते तिनं मंगळवार धरायचा असतो. सासूनं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि माझ्या गळ्यात मंगळवारचा उपास पडला. सोळा मंगळवार. डॉक्टरनं उपास करू नका म्हटलं होतं ते कोठीवर लिहिलेलं होतं. दसऱ्याच्या आधी सासूनं घर सारवलं, तेव्हा कोठीही सारवली. आठही ओळी शेणाखाली गेल्या. तिनं मुद्दाम नाही केलं. सणाला सारवायचंच असतं. मी परत लिहिल्या. दिवाळीला परत सारवलं. मी परत लिहिल्या.

त्यानंतर मी चोरून खायला शिकले. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. कोठीकडे तोंड करून उभं राहिलं की मागून वाटायचं बाई दाणे काढते आहे. तिथं मी कण्या किंवा भात वाटीत झाकून ठेवायची. कोणी नाही असं पाहून दोन घास, परत कामाला. पुन्हा दोन घास. दिवसात सहा वेळा व्हायचं. पण चावणं व्हायचं नाही. तोंड हलताना कोणी पाहिलं तर? मी घास जिभेनं टाळूवर दाबायची आणि गिळायची. मऊ होतं म्हणून दीड वर्ष निभावलं. एक नियम पाळायला मी दुसरा मोडत होते, आणि मला वाटत होतं आपण पथ्यावर आहोत.

फाल्गुनात नणंदेला पाहायला दर्यापूरकडचे पाहुणे येणार होते. चार दिवस आधी माझ्या भावानं बांबूची डाल भरून संत्री आणून टाकली. मायनं पाठवली होती. "रस काढून देजो म्हनली," भाऊ सासूला सांगून गेला. सासू म्हणाली, "पाहुन्याले होतीन." संत्री थंड राहावीत म्हणून डाल कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत ठेवली.

पाहुणे दहाला येणार होते. मी चारला उठले. एक वाटी कण्या त्यावेळी पोटात गेल्या. मग पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, वांग्याची भाजी केली, कढी केली. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. अकरा वाजले, बारा वाजले. घरात कोणी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. मुलगी पाहायला येणारे उपाशी वाटेवर असताना घरातल्यांनी तोंडात काही टाकलं तर ती सोयरीक मोडते, असं आमच्याकडे म्हणतात. नणंद तेव्हा वीस वर्षांची झाली होती. दोन ठिकाणांहून नकार आला होता. सासू देवाजवळ बसून उठली, बसून उठली.

मला भूक लागली की आधी हात थरथरायचे, मग डोळ्यांपुढे अंधारी यायची. तव्यावरची पोळी उलटताना बोट भाजलं. कोठीमागची वाटी रिकामी होती, सकाळीच संपली होती. स्वयंपाकातलं तोंडात टाकायची हिंमत नव्हती, ते नैवेद्याचं होतं आणि गोड, तिखट होतं. मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, बैलाले कुटार टाकून येते."

कुटाराच्या खोलीत दार ओढून घेतलं आणि डालीतलं पहिलं संत्रं सोललं. पहिली फोड मी चोखली. चोथा बोटांत घेतला आणि कुठं टाकावा ते कळेना. राखेतला चोथा आठवला. मग गिळला. दुसरी फोड गिळली. बाहेर बंडीच्या घुंगरांचा आवाज आला. "आले, आले!" सासरे ओरडले. मी आणखी सोलली. भूक तशी असते, ती पाहुणे आले म्हणून थांबत नाही. पाच संत्री मी उभ्यानं संपवली, फोडी दोन दोन करून, न चावता. सालं कुटारात खाली खुपसली. पदरानं तोंड पुसलं, बैलांपुढे मूठभर कुटार टाकलं आणि आत गेले.

सासूनं माझ्याकडे पाहिलं. "एवढा उशीर?"

"खुटा निघाला होता."

पाहुणे जेवले. मी हात न थरथरता पोळ्या वाढल्या. सोयरीक जमली.

संध्याकाळी पोट जड झालं. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. पोटात कोणी कपडा पिळावा तशा यायच्या आणि जायच्या. मी सांगितलं नाही. काय सांगणार? मी काय खाल्लं असं कोणी विचारलं असतं, मग केव्हा खाल्लं असं विचारलं असतं. पाहुणे जेवायच्या आधी भावजयीनं खाल्लं, हे बाहेर गेलं असतं तर नणंदेची सोयरीक गेली असती. निदान सासूला तसं वाटलं असतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. ते मी लपवायला नको. मीसुद्धा त्याच रीतीत वाढले होते.

सासूला वाटलं नळ भरले, पोटात वारा धरला. तिनं एरंडेल पाजलं. ते वर आलं. मग पोट चोळणारी बाई बोलावली. तिनं अंगठ्यानं पोट दाबलं तेव्हा मी जी किंचाळले, ते ऐकून मालक वावरातून धावत आले. चौथ्या दिवशी सकाळी बंडी जुंपली.

अकोल्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं एवढं आठवतं. बडनेऱ्याला उतरवताना मी अर्धवट होते. सासूनं गंज सोडला नव्हता. अमरावतीच्या त्याच डॉक्टरनं दुसऱ्यांदा, जुन्या वणाशेजारून कापलं.

आतून जे निघालं ते त्यानं तबकात घालून मालकांना आणि सासूला दाखवलं. मला सासूनं नंतर सांगितलं. मुठीएवढा पिवळट गोळा होता, दोऱ्यांचा असावा तसा. त्याच्या वर अडकलेल्या आणखी फोडी होत्या. डॉक्टर मालकांना म्हणाला, "पथ्य सांगितलं होतं की नाही?"

सासू म्हणाली, "सांगतलं होतं. कोठीवर लिवलं हाय."

"मग?"

"आमच्याकडं सून आंधी जेवत नाई."

"मग हिला माहेरी ठेवा," डॉक्टर म्हणाला आणि दुसऱ्या खाटेकडे गेला.

आठव्या दिवशी मला उठवून बसवलं. सासू शेजारी जमिनीवर बसली होती. मालक गावी गेले होते. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. कुटाराची खोली, पाच संत्री, खुट्याची थाप, कोठीमागची वाटी, दोन वर्षांचं सगळं. मला वाटलं आता ही ओरडेल. ती खाटेचा पाय धरून बसली.

मग म्हणाली, "पयलं, कापायच्या आंधी, तुले कसं दुखे?"

मी सांगितलं. इथं, छातीच्या हाडाखाली. उपाशी असलं की जास्त. पाठीत निघायचं. सोडा घेतला की उतरायचं.

"मलेबी तसंच. तुह्या लग्नाच्या आंधीपासून. धाकट्या पोरीच्या येळपासून समज."

म्हणजे नणंद झाली तेव्हापासून, वीस वर्षं. मी तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. तिनं ती मुठीत झाकली.

डॉक्टरनं तिला तपासलं. पांढरं औषध पाजून पोटाचा फोटो काढला. म्हणाला, हिचंही ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. सासूनं एकच विचारलं.

"मंग मलेबी साहा बार खा लागन?"

"हो."

"मानसाच्या आंधी?"

"भूक लागेल तेव्हा. कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर नाही."

ती हसली. पदर तोंडाला लावून हसली, लाजल्यासारखी. "नाई बापा. लोक थुकतीन माह्या तोंडावर. सुनेचं चालून जाईन, ते बिमार हाय. मी काय म्हनू?"

"तुम्ही पण आजारीच आहात," डॉक्टर म्हणाला.

"मी काई बिमार नाई. माह्यं दुखते नुसतं."

मी बोलले, मालक बोलले, माझा भाऊ येऊन बोलला. तिनं ऐकलं नाही. आम्ही परत आलो.

घरी आल्यावर तिनं एक केलं. रोज सकाळी आठला ती स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्यावर, बाहेर तोंड करून बसायची. मी आत जेवायची. कोणी बाई आली की ही बसल्या जागेवरून म्हणायची, "अंदर नको येऊ वं, सारवलं हाय, वल्लं हाय." रोज सारवलेलं कसं असेल? बायकांना कळायचं. पण सासू दारातून उठायची नाही. मी तीस वेळा चावायची. धामणगावच्या बाईचा नवरा मोजायचा तसं मनात मोजायची. संत्र्याचे दिवस आले की ती पितळी तस्त माझ्याजवळ सरकवायची आणि म्हणायची, "थुक त्यात." तस्त ती स्वतः बाहेर नेऊन रिकामं करायची.

माझ्याबद्दल तिला वाईट वाटलं का, ते मला माहीत नाही. तिनं कधी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिच्यासाठी मी दुसरी वाटी भरून ठेवायची. ती म्हणायची, "ठेव. मानसं येऊ दे वावरातून." भात वाळून जायचा. मग दुपारी तोच वाळला भात ती ठेच्यासोबत खायची आणि पदराची गाठ सोडायची. एकदा कोठीजवळ उभी राहून म्हणाली, "वाच तं काय लिवलं." मी आठही ओळी वाचल्या. "आठवं परत वाच." मी वाचलं. "मले संत्रं तसंबी आवडत नाई," ती म्हणाली आणि कामाला लागली. दिवाळीला तिनं घर सारवलं, कोठी सारवली, पण अक्षरं होती तेवढी जागा सोडून.

नणंदेचं लग्न झालं. लग्नात सासू दोन दिवस वऱ्हाड जेवेपर्यंत थांबत होती. तिसऱ्या दिवशी शेवटची पंगत उठल्यावर तिनं ताट घेतलं, एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. मी जवळच होते. तिनं ओकलं ते काळं होतं, डांबरासारखं. मग लाल. मी गंज धरला. तोच गंज होता. मालकांनी बंडी जुंपली. गावाच्या शिवेवर नाला आहे, तिथपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. नाल्यातून बंडी वर चढली तेव्हा ती नव्हती. आम्ही बंडी वळवली.

तिची उत्तरक्रिया झाली तेव्हा तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. सकाळी आठला मला भूक लागली. दारात बसायला कोणी नव्हतं. मी वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर, ओसरीवर बसून जेवले. बायका बोलल्या. सासरे एकदा बघून उठून गेले. मी तीस वेळा चावलं.

आम्हा दोघींना एकच रोग होता आणि दोघींना एकाच डॉक्टरनं तपासलं होतं. ती पन्नाशीच्या आत गेली. मी ऐंशी ओलांडली आहे.